लांब पल्ल्याची गोळी आणि शेताचा धनी

रानडुकरांच्या कळपाने एका रात्रीत भुईमुगाचे वाफे उकरून टाकावे, मक्याची उभी ताटे आडवी करावी, अथवा उसाच्या फडात शिरून कांडी चघळून चोथा करावा, हा अनुभव ज्यास नाही असा बागाईतदार आता विरळा. वऱ्हाडाकडील बंधूंस याखेरीज रोह्यांचा त्रास आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमात, उभ्या पिकास घातक झालेल्या काही जातींच्या जनावरांची पारध करण्यास अधिकृत अधिकाऱ्याने परवानगी द्यावी, अशी तरतूद आहे. आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर व रोही यांपुरती त्या परवान्याची रीत ठरवून दिली. परवाना हाती आला म्हणजे पुढला प्रश्न बंदुकीचा, व बंदुकीची गोष्ट निघाली की हल्ली 'पाचशे वारांवरचा नेम' आणि 'हजार वारांची गोळी' ही भाषा कानी पडते. ही भाषा मूळची आपल्याकडची नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम भागातील मोकळी माळराने व उघडे डोंगर यांत ती जन्मास आली. तेथील हरणांजवळ पोचण्यास आडोसा नसतो, म्हणून लांबून मारण्याची विद्या तेथे वाढली. तिकडील कारखान्यांच्या जाहिराती व चित्रफिती आता प्रत्येकाच्या फोनवर दिसतात, तेव्हा तरुण मंडळींस तिचा मोह पडावा यात नवल नाही.

आमचे म्हणणे एवढेच की, गोळीची पारख ती नळीतून कशी सुटते यावरून न करता, ती जेथे पोचते तेथे काय करते यावरून करावी. अशी पारख नीट केली, तर लांब पल्ल्यासाठी घडविलेली गोळी आपल्या शेतावर बहुधा गैरलागू ठरते, असे आम्हांस दाखवावयाचे आहे.

गोफणीचा दगड निवडताना राखणदार काय पाहतो? चपटी खापरी तो टाकून देतो, कारण ती हवेत भरकटते. नदीतला गुळगुळीत, हातास जड लागणारा गोटा उचलतो. बंदुकीच्या गोळीचे शास्त्र याहून फार निराळे नाही. गोळी आपल्या जाडीच्या मानाने जितकी जड व लांबट, नाक जितके निमुळते व बूड जितके आत वळविलेले, तितका हवेचा अडथळा तिला कमी होतो. हा गुण एका आकड्याने सांगण्याची पद्धत आहे, व कारखानदार तो आकडा डब्यावर ठळक छापतात. परंतु येथे गिऱ्हाइकाने सावध असावे. हा आकडा एका आदर्श गोळीशी तुलना करून काढलेला असतो, आणि प्रचारात मुख्यतः दोन आदर्श गोळ्या आहेत. 'जी-वन' ही एकोणिसाव्या शतकातील सपाट बुडाच्या तोफगोळ्यावरून घेतलेली. 'जी-सेव्हन' ही आजच्या लांबट, निमुळत्या बुडाच्या गोळीसारखी. एकाच गोळीचा जी-वनचा आकडा जी-सेव्हनच्या जवळजवळ दुप्पट येतो. एका डब्यावर एक व दुसऱ्यावर दुसरा छापला असता, मोठा आकडा पाहून डबा उचलणारा फसतो. शिवाय हे आकडे वेगाबरोबर बदलतात. २०१५ साली अमेरिकेतील हॉर्नडी कारखान्याने रडारने गोळ्यांचा माग काढून जाहीर केले की, गोळीच्या नाकावर बसविलेले प्लास्टिकचे टोक हवेच्या घर्षणाने तापून मऊ पडते व आकार बदलते. त्यामुळे लांबवर जाताना गोळी कागदावरच्या हिशोबापेक्षा अधिक मंदावते. तोवर त्या टोकांच्या भरवशावर पुष्कळ हिशोब मांडले गेले होते.

आकाराने किती फरक पडतो, ते उदाहरणाने सांगतो. 'थर्टी-ओ-सिक्स' या १९०६ सालच्या अमेरिकन लष्करी काडतुसाची रायफल जगभर शिकारीस चालते. तिच्यात १८० ग्रेनची टोकदार गोळी घातली व ती सेकंदास २,७०० फूट वेगाने सुटली, तर ३०० वारांवर तिचा वेग सुमारे २,१५० फूट व ५०० वारांवर सुमारे १,८०० फूट उरतो. त्याच वजनाची, त्याच वेगाने सुटलेली बोथट नाकाची गोळी ३०० वारांवर सुमारे १,७३० फुटांवर येते आणि ५०० वारांवर १,२५० फुटांवर. नळीच्या तोंडाशी दोघी सख्ख्या बहिणी. ५०० वारांवर एकीच्या अंगात दुसरीच्या निम्माच जोर शिल्लक. इशापूरच्या सरकारी कारखान्याची जी ३१५ ची रायफल आपल्याकडे परिचित आहे, तिची गोळी जड व बोथट. जवळच्या कामास ती वाईट नव्हे. पण तिला दुर्बीण चढवून लांब पल्ल्याची रायफल म्हणविणे म्हणजे नांगराच्या बैलास शर्यतीस जुंपणे होय.

आता गोळी पोचल्यावरची गोष्ट; खरा मुद्दा येथे आहे. शिकारीच्या गोळीने अंगात शिरल्यावर नाकाशी फुलावे, छत्रीसारखे पसरावे, व तरीही काळीज-फुप्फुसांपर्यंत जाण्याइतके वजन शिल्लक ठेवावे, अशी दुहेरी अपेक्षा असते. फुलणारी गोळी व आपला देश यांचा एक जुना संबंध आहे. कलकत्त्याजवळील डमडमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात नाकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी घडविली गेली, आणि १८९९ च्या हेग येथील परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असे ठरविले. शिकारीत न्याय उलटा आहे. पूर्ण कवचाची लष्करी गोळी जनावरातून सुईसारखी आरपार जाते, जनावर जखम घेऊन पळते, आणि गोळी पुढच्या शेताकडे निघून जाते. म्हणून इंग्लंडात १९९१ च्या कायद्याने हरणासाठी मऊ किंवा पोकळ नाकाचीच गोळी पाहिजे असे बंधन घातले आहे.

फुलण्यास वेग लागतो. शिशाच्या गाभ्याच्या साध्या शिकारी गोळ्यांपैकी पुष्कळांस तो सेकंदास १,८०० फुटांच्या आसपास लागतो. निव्वळ तांब्याच्या कित्येक गोळ्यांस त्याहून अधिक. वरील उदाहरणातील बोथट गोळी ३०० वारांवरच या मर्यादेखाली गेली. म्हणजे नेम अचूक लागूनही ती न फुलता जाण्याचा संभव. ही अडचण काढण्यासाठी कारखानदारांनी लांब पल्ल्याच्या गोळ्यांचे कवच पातळ व गाभा मऊ केला. त्यांपैकी काही १,६०० फुटांवर, तर एखादी १,३०० फुटांवरही फुलते असे ते सांगतात. युक्ती चांगली आहे, परंतु तिची किंमत दुसऱ्या टोकास भरावी लागते. जी गोळी मंद वेगाने फुलण्याइतकी हळवी, ती पन्नास वारांवर पूर्ण वेगाने आदळली असता फुलून थांबत नाही. तिचे तुकडे होण्याचा संभव असतो.

आणि आपले जनावर कोणते? रानडुक्कर. थोराड नराच्या खांद्यावर कूर्चेसारख्या चिवट कातड्याची ढाल असते. त्यावर तो चिखलात लोळून आलेला. हळवी गोळी त्या ढालीवरच फुटली तर वर मोठी उथळ जखम होते, आत काही पोचत नाही. हा प्रसंग नवा नव्हे. १९४६ साली जॉन नोस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या कॅनडात चिखलाने माखलेल्या एका मूसवर, म्हणजे तिकडील प्रचंड सांबरावर, अशाच वरच्यावर फुटल्या. त्यावरून त्याने मध्ये आडभिंत असलेली गोळी बनविली: पुढचा अर्धा फुलावा, मागचा अर्धा भिंतीमुळे अखंड राहून आत घुसावा. १९४८ पासून तिचा कारखाना निघाला व ती गोळी आजही चालते. पुढे कवचास गाभा सांधलेल्या व निव्वळ तांब्याच्या गोळ्या आल्या, त्यांचाही हेतू हाच. तात्पर्य, आपल्याकडे ज्या अंतरावर डुक्कर दिसते त्या अंतरास ह्या कणखर जातीची गोळी योग्य. जिचा पल्ला डब्यावर सर्वांत मोठा लिहिला आहे तीच बहुधा आपल्या कामास सर्वांत वाईट, हे ऐकून कित्येकांस चमत्कारिक वाटेल.

गोळी कणखर आहे हे जाहिरातीवरून कळत नाही, परीक्षेने कळते. बियाणे पेरण्यापूर्वी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण मोजतो. दहा दाण्यांवर विश्वास ठेवीत नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र तीन गोळ्या कागदावर एकमेकींस चिकटून बसल्या की मंडळी खूष होतात. तीन गोळ्या म्हणजे तीन दाणे. निदान दहा गोळ्या, आणि त्याही निरनिराळ्या दिवशी, थंड नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळीची वेगळी नोंद ठेवून झाडल्या, तर त्या बंदुकीविषयी काही बोलता येईल; कारण जनावरावर सुटते ती पहिली गोळी असते. फुलण्याची परीक्षा पाहावयाची तर भिजविलेल्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा अथवा ओळीने मांडलेले पाण्याचे डबे पुरतात. गोळी किती खोल गेली, किती रुंद झाली, व परत काढून तोलली असता मूळ वजनापैकी किती उरले, ही तीन मापे घ्यावी. जेथे जनावर मारावयाचे तेवढ्याच अंतरावरून ही परीक्षा व्हावी. शंभर वारांवर केलेली परीक्षा चारशे वारांची साक्ष देत नाही, व तितकीच ती तीस वारांचीही देत नाही. हे सर्व अर्थात परवानगी असलेल्या नेमबाजीच्या मैदानावर, शेताच्या बांधावर नव्हे.

अमेरिकन शिकारी गोळी, दारू व पुंगळी निरनिराळी घेऊन आपल्या बंदुकीस मानवेल असे काडतूस घरी भरतो. आपल्याकडे ती मोकळीक नाही. परवान्यावर काडतुसांची संख्या बांधलेली असते, आणि दुकानात जी जात मिळेल तीवर भागवावे लागते. म्हणून तिकडच्या चर्चेतील बारीक निवडीचा बराच भाग आपल्या उपयोगी पडत नाही. दोन गोष्टी मात्र पडतात. एक, गोळी फिरत जाते म्हणून स्थिर राहते, भोवऱ्याप्रमाणे. नळीतील आटे ज्या पिळाचे असतील त्याहून फार लांबट गोळी घातली तर ती पुरती फिरत नाही व डगमगते. तेव्हा शेजाऱ्याच्या रायफलीत चांगली चालली म्हणून आपल्या रायफलीत चालेलच असे नाही. दुसरी, दारू उष्णतेने चढते. मे महिन्यात जीपमध्ये उन्हात पडलेली काडतुसे थंडीतल्यापेक्षा अधिक दाबाने सुटतात, व नेम वर-खाली होतो. काडतुसे सावलीत ठेवावी. यास पैसा पडत नाही.

वाऱ्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण लांब पल्ल्याच्या बढाईचा फुगा वाराच फोडतो. ताशी दहा मैलांचा, म्हणजे उसाचे पाचट सळसळविणारा, आडवा वारा वर सांगितलेल्या टोकदार गोळीस १०० वारांवर इंचभरही हलवीत नाही. ३०० वारांवर तो तिला सुमारे सात इंच बाजूस नेतो; ५०० वारांवर वीस इंचांवर. रानडुकराची वर्मी जागा वीतभर, तीही छातीत खाली, पुढच्या पायालगत. २०० वारांवर नेम बसविलेली गोळी ३०० वारांवर आठ इंच, ४०० वारांवर दोन फूट व ५०० वारांवर चार फूट खाली पडते. हे खाली पडणे यंत्राने मोजून सुधारता येते, कारण अंतर मोजणारी यंत्रे आज स्वस्त आहेत. वारा मात्र बंदुकीजवळ एक, मधल्या ओढ्यावर दुसरा व जनावराजवळ तिसरा असतो, आणि तो मोजण्याचे यंत्र बंदुकीजवळच असते. ५०० वार जाण्यास गोळीस सेकंदाचे दोन-तृतीयांश लागतात. तेवढ्यात चरत पुढे सरकलेले डुक्कर दीड-दोन हात पुढे गेलेले असते, व काळजावर धरलेली गोळी त्याच्या पोटात शिरते.

पोटात गोळी शिरलेले डुक्कर कोठे जाते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. ते उसात जाते. दुसऱ्या दिवशी त्या फडात कोयता घेऊन कोण उतरणार आहे? पाचशे वारांवरून मारणारा गृहस्थ नव्हे. ऊसतोडीच्या बाया, पाणी धरणारा गडी, गवत कापावयास गेलेली पोरे, यांच्या अंगावर ते येणार. अमेरिकेत बून अँड क्रॉकेट क्लब ही १८८७ साली स्थापन झालेली शिकाऱ्यांची जुनी संस्था. तिनेही लांबून मारण्याच्या हव्यासाविषयी उघड नापसंती दर्शविली आहे. तिची दृष्टी मुख्यतः जनावरास न्याय मिळावा ही आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे. परंतु आमच्या वाचकांपुढे जनावराबरोबर मजुराच्या जिवाचाही प्रश्न आहे, व तो अधिक जवळचा आहे.

दुसरे असे की, चुकलेली गोळी थांबत नाही. थर्टी-ओ-सिक्सची गोळी नळी वर धरली असता तीन मैलांच्या आसपास, म्हणजे दीड कोस जाऊ शकते. अमेरिकेतील माळावर दीड कोसात घर नसेल. आपल्याकडे दीड कोसात दोन वाड्या, एक शाळा, विहिरीवरची मोटारपंपाची खोपटी आणि सडक लागते. सपाट जमिनीवर दूर धरलेली बंदूक जमिनीशी जवळजवळ समांतर असते. गोळीच्या मागे मातीचा आधार राहत नाही. उलट माळ्यावर बसून साठ-सत्तर वारांवर मारलेली गोळी तिरपी खाली जाते आणि आरपार गेली तरी ढेकळात रुतते. आपल्या वाडवडिलांनी पीक राखण्यासाठी माळा बांधला तो पाखरे व चोर दिसावे म्हणून. बंदुकीच्या दृष्टीनेही त्याहून सुरक्षित जागा आम्हांस सुचत नाही. आणि साठ-सत्तर वारांवर आकाराचे शास्त्र, वाऱ्याचा हिशोब, दोन्ही जवळजवळ निरर्थक होतात. उरते ते गोळीचे कणखरपण व बसणाऱ्याचा धीर. ज्यांच्याकडे रायफल नाही, बारा बोअरच आहे, त्यांनी एकसंध गोळीचे काडतूस घेऊन आणखी जवळचे अंतर पाळावे. छऱ्यांनी डुक्कर मारण्याचा नाद सोडावा.

जर्मनीतील रीत येथे सांगण्याजोगी आहे. तेथे शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीस जोडलेला आहे. ज्याची सलग जमीन ७५ हेक्टरांहून कमी, त्याचे शेत इतरांच्या शेतांत मिळवून गावचे सामाईक शिकार-क्षेत्र होते, व त्यातील सर्व जमीनदारांचा एक संघ बनतो. हा संघ शिकारीचा हक्क खंडाने देतो आणि डुकरांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई करण्याची जबाबदारी बहुधा करारानेच खंडकऱ्यावर टाकतो. शिवाय कायद्याने डुकरासाठी निदान साडेसहा मिलिमीटर व्यासाची, १०० मीटरवर २,००० जूल जोर उरणारी गोळी पाहिजे असे ठरविलेले आहे. जोराचा आकडा ही अपुरी कसोटी आहे, कारण न फुलणारी गोळीही तो आकडा गाठते. तरी कोणती गोळी चालेल हे बंदूकवाल्याच्या मर्जीवर सोडलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे शिकारीचा हक्क जमिनीबरोबर येत नाही, तो शासनाच्या परवान्याने येतो. पण आपल्या बांधाच्या आत कोणास येऊ द्यावे हे धन्याच्या हाती आहे, आणि परवानाधारक बंदूकवाल्यास बोलाविताना त्यास चार प्रश्न विचारण्यात संकोच कसला? काडतुसाचा डबा दाखवा. ही गोळी डुकराच्या खांद्यावर टिकते हे कशावरून. किती वारांपलीकडे तुम्ही मारीत नाही. जखमी जनावर उसात गेले तर रात्री माग कोण काढणार? तिसऱ्या प्रश्नास जो आकडा सांगत नाही, व चौथ्यास हसतो, त्यास चहा देऊन परत पाठवावा. आमच्या मते गावच्या सोसायटीने शंभर वारांची मर्यादा ठरावाने घालावी आणि प्रत्येक पारधीनंतर अंतर, गोळीची जात, किती गोळ्या सुटल्या व जनावर किती पावलांवर पडले, एवढे वहीत लिहून ठेवावे. दोन हंगामांत त्या वहीवरून जे कळेल ते कोणत्याही कारखान्याच्या पत्रकावरून कळणार नाही.

राहिली शिशाची गोष्ट. फुलणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरवर मांसात पसरतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कोंडोर गिधाडे असे कण पोटात जाऊन मेल्यामुळे त्या राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांस पूर्ण बंदी केली. डेन्मार्कने २०२४ च्या एप्रिलपासून रायफलीच्या शिशाच्या गोळ्याही बंद केल्या. आपल्या कायद्याप्रमाणे परवान्याने मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे होते, तेव्हा मांस खाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु वनखात्याचा पंचनामा होईपर्यंत ते बांधावर उघडे टाकू नये. कुत्री, घारी व कावळे तेवढ्या वेळात पोचतात. पंचनामा झाल्यावर वनरक्षकाच्या देखत खोल खड्ड्यात, विहिरीपासून दूर, पुरण्याची व्यवस्था करावी व खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवावा.